निशिकासाईतलं बिऱ्हाड

मराठी वाचकाला जपान माहीत आहे तो मुख्यतः प्रवाशाचा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने तो घराघरांत पोचवला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उद्यान उभं राहिलं, त्यालाही पुलंचंच नाव दिलं गेलं. आता तर चेरीचा बहर पाहायला सहलकंपन्यांबरोबर जाऊन येणारे आपल्या ओळखीतच सापडतात. पण तिथं भाड्याचं घर घेऊन, मुलं शाळेत घालून वर्षानुवर्षं संसार करणाऱ्या मराठी माणसांचा जपान निराळा आहे. त्यात कचऱ्याचे वार पाळावे लागतात, पोटात कुठं आणि कसं दुखतंय हे डॉक्टरला त्याच्या भाषेत सांगावं लागतं, आणि गावाकडे वडील दवाखान्यात असले की साडेतीन तास मागे चालणाऱ्या घड्याळाशी हिशेब करत रात्र काढावी लागते. हा लेख त्या जपानविषयी आहे.

तो जपान पाहायचा तर टोकियोच्या पूर्व टोकाचा एदोगावा वॉर्ड गाठावा. तिथं तोझाई मेट्रोचं निशिकासाई स्टेशन आहे. सकाळी ऑफिसच्या वेळी फलाटावर तेलुगू, तमिळ, हिंदी कानावर पडते, आणि मराठीही. स्टेशनाच्या आसपास भारतीय किराण्याची दुकानं आहेत. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, लोणच्याच्या बरण्या असं सगळं तिथं मिळतं. जपानमधल्या भारतीयांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे आणि त्यांतल्या दर दहांमागे एकाहून अधिक जण या एकाच वॉर्डात राहतात.

वस्ती कशी झाली

कासाईचा हा किनारा पूर्वी कोळ्यांचा आणि समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्यांचा. १९६२ मध्ये इथल्या मच्छीमारांनी मासेमारीचे हक्क सोडले, पुढे समुद्रात भर घालून जमीन तयार झाली, तिच्यावर मोठमोठ्या गृहवसाहती उभ्या राहिल्या आणि १९७९ मध्ये निशिकासाई स्टेशन सुरू झालं. जगमोहन चंद्राणी हे कोलकात्याचे चहाचे व्यापारी १९७८ मध्ये जपानला आले आणि याच भागात स्थिरावले.

भारतीयांची वर्दळ सुरू झाली ती नव्वदीच्या अखेरीला. संगणकांमधल्या सन २००० च्या दोषाची, म्हणजे वायटूकेची, धास्ती सगळ्या बँकांना होती आणि तो दुरुस्त करायला भारतीय अभियंते हवे होते. बँका आणि रोखे कंपन्यांची कार्यालयं ओतेमाची, कायाबाचो या भागांत. निशिकासाईहून तिथं गाडी न बदलता जाता येतं. त्यामुळे कामाच्या जवळ पण मध्यवर्ती टोकियोहून स्वस्त अशी ही जागा सोयीची ठरली. अडचण होती ती घर मिळण्याची आणि शाकाहारी जेवणाची. चंद्राणींनी या अभियंत्यांसाठी घरमालकांशी बोलणी केली, जेवणाची सोय केली. त्यांनी उभी केलेली भारतीयांची संघटना आजही एदोगावात ओळखली जाते.

घराचा प्रश्न अजून संपलेला नाही. जपानमध्ये खासगी घर घेताना अनामत रक्कम द्यावी लागते, ती परत मिळते. त्याशिवाय अनेक ठिकाणी ‘रेइकिन’ नावाची रक्कम घरमालकाला आभार म्हणून द्यायची, ती परत मिळत नाही. वर हमीदार लागतो. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये परदेशी रहिवाशांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९ टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, की परदेशी असल्यामुळे आपल्याला घर नाकारलं गेलं. या पार्श्वभूमीवर यूआर या सरकारी संस्थेच्या वसाहतींचं महत्त्व कळतं. तिथं रेइकिन नाही, हमीदार नाही, कराराच्या नूतनीकरणाची फी नाही. उत्पन्नाचा किंवा बचतीचा पुरावा आणि योग्य व्हिसा असला की परदेशी माणसालाही घर मिळतं. निशिकासाई आणि शेजारच्या कोतो वॉर्डातल्या ओजिमा इथल्या यूआर वसाहतींत भारतीय कुटुंबं एवढ्या संख्येनं का दिसतात, याचं उत्तर या नियमांत आहे.

एका घरातले दोन जपान

‘ऑनसाइट’, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामावर, आलेल्या कुटुंबाचे पहिले दिवस कागदपत्रांत जातात. विमानतळावर झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासाचं ओळखपत्र, मिळतं. घर मिळाल्यापासून चौदा दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड कार्यालयात, पत्ता नोंदवायचा. मग आरोग्य विमा, बँकेचं खातं, फोन. हे सोपस्कार बहुतेक वेळा कंपनी किंवा आधी आलेला सहकारी पार पाडून देतो. त्यानंतर नवरा कामावर रुजू होतो आणि घरात दोन वेगवेगळे जपान सुरू होतात.

इथल्या मराठी कुटुंबांत नोकरी बहुधा नवऱ्याच्या नावावर असते आणि बायको डिपेंडंट व्हिसावर येते. उलट चित्रही आता दिसतं, पण अजून ते थोडं आहे. नवऱ्याचा जपान अरुंद असतो. तोझाई लाइनची गर्दी, जी २०१९ पर्यंत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट होती. मग ऑफिस, जिथं टीममध्ये भारतीय असतात, कोड इंग्रजीत असतो आणि ग्राहकाशी बोलायला दुभाषा असतो. त्याला जपानी न येताही पाच वर्षं निभावता येतात, आणि अनेकांनी निभावलीही आहेत.

बायकोचा जपान मात्र रुंद असतो. टपालपेटीतली प्रत्येक चिठ्ठी तिच्या हातात पडते. त्यातली कुठली जाहिरात, कुठली गॅसच्या तपासणीची सूचना आणि कुठली कराची नोटीस, हे तिला ओळखावं लागतं. जळाऊ कचरा आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, बाटल्या-डबे-कागद वेगळ्या दिवशी, तेही सकाळी आठच्या आत आणि कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून घातलेल्या जाळीखाली. चूक झाली तर पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि पिशवी तिथंच राहते. मूल तापानं फणफणलं की दवाखान्यात प्रश्नांचा छापील कागद भरायला मिळतो, तोही जपानीत. दुकानात पाव घ्यायचा तर त्यात डुकराची चरबी आहे का, पाहावं लागतं. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, जेलीत जिलेटिन असतं, तयार करीच्या वड्यांत प्राण्यांची चरबी असते. शाकाहारी घरातली बाई मग गाय, डुक्कर, कोंबडी, मासा ही चार चित्राक्षरं सर्वांत आधी पाठ करते. अनेकींचं जपानी शिक्षण असं दुकानाच्या फळीसमोर सुरू होतं.

हीच बाई पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात अभियंता, शिक्षिका, बँक कर्मचारी असते. डिपेंडंट व्हिसावर तिला परवानगी घेऊन आठवड्याला जास्तीत जास्त अठ्ठावीस तास काम करता येतं, आणि भाषा येत नसेल तर तेवढं कामही मिळणं अवघड. पूर्ण वेळच्या नोकरीसाठी आधी कंपनी मिळवायची, मग व्हिसाचा प्रकार बदलायचा. या टप्प्यापर्यंत पोचायला काही वर्षं लागतात आणि बायोडेटातली ती पोकळी भरून काढणं पुढे कठीण जातं. स्वतःची कमाई गेली, नाव गेलं, ‘अमक्याची मिसेस’ एवढीच ओळख उरली, ही खंत इथल्या बायकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते. पहिल्या हिवाळ्यात, साडेचारलाच अंधारून येतं तेव्हा, ती सर्वांत जड होते.

माझं म्हणणं इथंच आहे. परदेशात कुटुंब रुळतं ते नोकरी करणाऱ्याच्या वेगानं रुळत नाही, घरी थांबणाऱ्याच्या वेगानं रुळतं. तरीही भाषेच्या वर्गाचे पैसे कंपनी देते ते कर्मचाऱ्यासाठी, निघण्यापूर्वीचं मार्गदर्शन होतं ते कर्मचाऱ्याचं, आणि आपल्या घरांतही जपानी शिकायचं ते ‘ज्याला नोकरी आहे त्यानं’ असंच धरलं जातं. ज्याला भाषेची गरज सर्वांत कमी, त्याला ती शिकवली जाते. जिला दिवसातून दहा वेळा ती लागते, तिला ट्रान्सलेटर ॲपच्या भरवशावर सोडलं जातं.

वस्तीचा आधार आणि वस्तीची भिंत

अशा वेळी निशिकासाई आधार देते. व्हॉट्सॲपच्या गटावर विचारलं की कुठला बालरोगतज्ज्ञ इंग्रजी बोलतो ते पाच मिनिटांत कळतं. कुणाचं बाळंतपण असेल तर डिंकाचे लाडू शेजारच्या इमारतीतून येतात. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, आरत्या होतात. नदीत मूर्ती सोडता येत नाही म्हणून विसर्जन पाण्याच्या टबात होतं. ऑक्टोबरच्या सुमाराला निशिकासाईत दिवाळीचा मेळा भरतो आणि त्याला भारतीयांबरोबर जपानी लोकही येतात. घरापासून सहा हजारांहून अधिक किलोमीटरवर नवख्या जोडप्याला पहिलं वर्ष तगायला हे सारं लागतंच. त्याला कमी लेखणाऱ्यानं तो पहिला हिवाळा एकट्यानं काढून पाहावा.

पण हीच वस्ती काही वर्षांनी भिंतही होते. किराणा भारतीय, शाळा भारतीय, मैत्रिणी भारतीय, सुट्टीतल्या सहलीही त्याच चार कुटुंबांबरोबर. समोरच्या दारातल्या जपानी आजीशी पाच वर्षांत ‘कोन्निचिवा’च्या पुढे बोलणं गेलेलं नसतं. तक्रारी नेमक्या या अंतरातून जन्माला येतात. भारतात रात्रीचे नऊ म्हणजे जपानमध्ये साडेबारा. आईशी फोनवर बोलायला म्हणून माणूस बाल्कनीत येतो, आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्याला तो मध्यरात्री ओरडणारा परदेशी वाटतो. मुलांचं घरात धावणं, फोडणीचा वास, जिन्यात रंगलेल्या गप्पा, या सगळ्याची दखल घेतली जाते. सहसा कुणी तोंडावर बोलत नाही. व्यवस्थापनाकडे तक्रार जाते आणि फलकावर सर्वांसाठी एक सूचना लागते. ती जपानीत असल्यामुळे ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच ती कळत नाही.

या अंतरावरचा उपाय जपानी लोकांनीच घालून दिलेला आहे. नव्या घरात आल्यावर वर, खाली आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर छोटीशी भेट, टॉवेल किंवा मिठाई, घेऊन जायचं आणि आपलं नाव सांगायचं, ही तिथली जुनी रीत. लहान मूल आहे, आवाज होईल, सांभाळून घ्या, हेही तेव्हाच सांगायचं. मोठ्या शहरात ती आता कमी झाली आहे, पण परदेशी कुटुंबानं ती पाळली तर तिचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. पुढची पायरी म्हणजे वसाहतीचं रहिवासी मंडळ. आवाराची सफाई, उन्हाळ्यातल्या बोन सणाचं नृत्य, आपत्तीची रंगीत तालीम ही कामं ते करतं. या मंडळांत आता वृद्धच उरले आहेत आणि खुर्च्या उचलायला तरुण हात हवे असतात. तिथं जाऊन खुर्च्या उचलणारा मराठी माणूस थोड्या महिन्यांत नावानं ओळखला जाऊ लागतो.

जमीन हलते तेव्हा

या ओळखीची किंमत संकटात कळते. ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानच्या समुद्रात ९ तीव्रतेच्या घरातला भूकंप झाला. टोकियोतही इमारती बराच वेळ हलत राहिल्या, गाड्या थांबल्या, हजारो लोक रात्री चालत घरी गेले. मग फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या. जपानी वाहिन्या आणि वॉर्ड कार्यालयं सूचना देत होती त्या जपानीत. ज्यांना ती कळत नव्हती ते भारतातल्या वाहिन्यांवर विसंबले, आणि तिथलं चित्र पाहून गावाकडच्या घरांतून ‘निघा, आत्ताच्या आत्ता निघा’ असे फोन सुरू झाले. अनेक परदेशी कुटुंबं देश सोडून गेली, त्यांत भारतीयही होती. पुष्कळशी परत आली. भीती वाटली म्हणून जाण्यात गैर काहीच नव्हतं. पण निर्णय घेताना हातात पुरेशी माहिती नव्हती, ही उणीव मात्र खरी होती.

आणि एदोगावाला धोका भूकंपाचाच आहे असं नाही. या वॉर्डाचा जवळपास ७० टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. मे २०१९ मध्ये वॉर्डानं पुराचा नकाशा प्रत्येक घरी पाठवला. ‘इथं थांबून चालणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य त्याच्या मुखपृष्ठावर छापलं होतं. मोठा पूर आला तर पाणी दोन आठवड्यांपर्यंत ओसरणार नाही, म्हणून आधीच वॉर्डाबाहेर पडा, असा त्याचा सांगावा होता. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं आणि एदोगावात हजारो लोक शाळांमधल्या निवाऱ्यांत गेले. कुठल्या शाळेत जायचं, सोबत काय न्यायचं, हे आधी तालमीला गेलेल्या कुटुंबांना माहीत होतं. न गेलेल्यांना शेजाऱ्याचं दार ठोठावावं लागलं. त्या दारामागच्या माणसाशी ओळख असणं त्या रात्री फार मोलाचं होतं.

मुलांची शाळा

मूल सहा वर्षांचं झालं की घरात मोठी चर्चा सुरू होते. कोतो वॉर्डात २००४ मध्ये ‘इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान’ सुरू झालं, २००६ मध्ये ‘ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल’ आलं. दोन्हीकडे सीबीएसईचा अभ्यासक्रम. उद्या परतावं लागलं तर मुलाचं नुकसान नको, हा पालकांचा विचार रास्त आहे. पण फी मोठी आहे, आणि या मुलांचं जपानी आठवड्यातल्या काही तासांपुरतं राहतं.

दुसरा रस्ता वॉर्डाच्या सरकारी शाळेचा. परदेशी मुलांवर शिक्षणाची कायदेशीर सक्ती नाही, पण अर्ज केला की प्रवेश मिळतो आणि शिकवणी फी नसते. मुलं स्वतः चालत शाळेत जातात, दुपारचं जेवण आळीपाळीनं एकमेकांना वाढतात, वर्ग आणि व्हरांडे झाडून-पुसून काढतात. शाकाहारी मुलाला डबा नेण्याची मुभा बहुधा बोलून मिळते. घर आणि शिक्षक यांच्यामध्ये रोज एक वही ये-जा करते. त्या वहीत शिक्षकांनी लिहिलेलं वाचून उत्तर लिहायचं काम पुन्हा आईकडे येतं. ज्या आईला हे जमतं तिचं मूल वर्षाभरात वर्गात मिसळतं. जिला जमत नाही तिचं मूलच आईचा दुभाषा होतं आणि आठव्या-नवव्या वर्षी घराचे कागद वाचू लागतं. मुलावर हा भार पडू नये, एवढ्या एका कारणासाठी तरी आईवडिलांनी भाषा शिकली पाहिजे.

या रस्त्याचीही किंमत मोजावी लागते. मूल जपानीत विचार करू लागतं, मराठी ऐकून कळते पण बोलताना ते अडखळतं, आणि व्हिडिओ कॉलवर आजी काही विचारते तेव्हा नातू आईकडे पाहतो. मराठी टिकवायची तर ती घरात रोज, हट्टानं बोलावी लागते. जी घरं ती बोलतात, त्यांच्या मुलांना तिन्ही भाषा येतात.

राहायचं की परतायचं

कायमचं राहण्याची वाटही आहे. साधारणपणे दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासाचा अर्ज करता येतो. उच्च कौशल्याच्या गुणांवर आधारित पद्धतीत ७० गुण असतील तर तीन वर्षांत, ८० असतील तर एका वर्षात. नागरिकत्व घ्यायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. अंबरनाथमध्ये जन्मलेले आणि पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक यांनी २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं. एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा वॉर्ड सभेवर ६,४७७ मतांनी निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेत ते आधी उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. त्यांच्या वाटचालीत भाषा पहिली आली, आयटी आणि बँकेतली पदं त्यानंतर.

बहुतेक कुटुंबांचा निर्णय मात्र गावाकडच्या आईवडिलांपाशी अडतो. त्यांना ९० दिवसांच्या व्हिसावर आणता येतं. बाळंतपणाला आई येते, तीही तेवढ्याच मुदतीत. म्हातारपणी त्यांना कायम आपल्याजवळ ठेवण्याचा सर्वसाधारण व्हिसा जपानकडे नाही. अनेक जण चाळिशीत परततात, ते या कारणानं. पैशाचं गणितही बदललं आहे. २०१२ च्या सुमाराला एका डॉलरला ८० येन पडत, २०२४ च्या उन्हाळ्यात १६० पडू लागले. येनमधला पगार घरी पाठवताना पूर्वीसारखा वाटत नाही.

दुसऱ्या बाजूनं जपानला माणसं हवीच आहेत. २०२४ मध्ये तिथं सात लाखांहून कमी जपानी बाळं जन्मली. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला, त्यात भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ जपानला जाणार आहे. त्याआधी एकच महिना, जुलैत, ‘जपानी आधी’ अशी घोषणा देणाऱ्या सानसेइतो पक्षानं वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत १४ जागा जिंकल्या. गरज आणि धास्ती एकाच वेळी वाढते आहे. अशा काळात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या वागण्यावरून त्याच्या मागून येणाऱ्याला घर मिळणार की नाही हे ठरेल.

म्हणून जपानची ऑफर हातात असलेल्या तरुण जोडप्यांना मनापासून सांगावंसं वाटतं. निघण्याआधी दोघांनी मिळून सहा महिने जपानी शिका. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून खासगी वर्गांपर्यंत त्याची जुनी परंपरा आहे. क्रियापद शेवटी येणारी वाक्यरचना मराठी माणसाला लवकर उमगते, दोन्ही कानालिप्या, म्हणजे जपानीच्या ध्वनिलिप्या, दीड-दोन महिन्यांत येतात, आणि पहिल्या पायरीची एन-फाइव्ह परीक्षाही पुण्यात देता येते. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांची दारं वाजवून नाव सांगा. पुराचा नकाशा जपून ठेवा, आपत्तीच्या तालमीला मुलांना घेऊन जा. विमा, कर आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते चुकवू नका. ते मुद्दाम थकवणाऱ्यांचा कायम निवास रद्द करता येईल, असा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. आणि कंपनीशी बोलणी करताना पगाराच्या आकड्याबरोबर एक गोष्ट ठामपणे मागून घ्या: जोडीदाराच्या भाषाशिक्षणाचा खर्च. ऑफर लेटर एकाच्या नावानं येईल, पण भाषेच्या वर्गात नावं दोघांची घाला.